पिंपाची एक बाजू चपटी का?
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मागच्या अंकात एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी व्यंगचित्रांवर एक छोटं टिपण छापलं होतं. विषय होता समुद्रकिनाऱ्यावरची तस्करी आणि तस्करांमागे धावणारे जकातीचे शिपाई. नाशिकहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी शंभर किलोमीटरच्या पलीकडे आहे. तरीही पत्रं भरपूर आली आणि बहुतेक प्रश्न बारीक तपशिलांचे होते. त्यांतले निवडक इथे घेतले आहेत.

आमच्याकडे काचेच्या चौकटीत एक रंगीत इंग्रजी चित्र आहे. किनारा, पिंपं, एक जाडा शिपाई. खाली बारीक अक्षरांत लंडनचा पत्ता आणि १८१० हे साल आहे. ते खरंच त्या वेळचं आहे की नंतरचं, हे घरच्या घरी कळेल का? (नाशिकरोड)

बरंचसं कळेल. चित्र चौकटीतून बाहेर काढा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक टॉर्च जवळ घ्या. आधी रेषा भिंगाखाली पाहा. रेषा किंवा रंग जर सारख्या अंतरावरच्या ठिपक्यांचे बनलेले दिसले, तर ते फोटोवरून छापलेलं पुनर्मुद्रण आहे. ही पद्धत १८८० नंतर रुळली, त्यामुळे पुढचं काही तपासायची गरज नाही.

ठिपके नसतील तर टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका. त्या काळी ही चित्रं तांब्याच्या पत्र्यावरून छापत. पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, तो धुरावर काळा करायचा आणि सुईनं मेण खरवडून चित्र काढायचं. मग नायट्रिक अॅसिड ओतलं की जिथे तांबं उघडं पडलंय तिथे ते खात जातं. फिकट हव्या असलेल्या रेषा थोड्या वेळानं वार्निशनं झाकतात आणि गडद रेषांना अॅसिड आणखी खाऊ देतात. शेवटी खाचांत शाई भरून, पत्रा वरून पुसून, ओलसर कागदासह रुळाखालून दाबून काढायचा. नोटा आणि तिकिटं छापणाऱ्या नाशिकरोडकरांना खोदीव छपाई काय असते हे वेगळं सांगायला नको. या दाबामुळे पत्र्याची कड कागदात बसते आणि चित्राभोवती दबलेली चौकट उमटते. ती दिसली तर उत्तम. दिसली नाही म्हणून चित्र लगेच खोटं ठरवू नका, कारण चौकटीत बसवण्यासाठी अनेकांनी कडा कापून टाकल्या आहेत.

रेषांच्या आसपास नको तिथे बारीक काळे ठिपके असतील तर घाबरू नका. मेण कच्चं बसलं की अॅसिड आत झिरपतं आणि असे डाग पडतात. घाईनं काढलेल्या अस्सल चित्रांत ते सर्रास सापडतात.

आता तारीख. १७३५ च्या कायद्यानं चित्रकाराला नकलेपासून संरक्षण मिळालं, पण त्यासाठी प्रकाशकाचं नाव आणि प्रकाशनाची तारीख पत्र्यावरच कोरावी लागे. तुमच्या चित्राखालची ओळ त्यामुळेच आहे. गोम अशी की पत्रा पुढे कोणाच्याही हातात गेला, तरी ही ओळ तशीच राहते. इंग्लंडचा नामांकित व्यंगचित्रकार जेम्स गिलरे १८१५ साली वारला. त्याचे पत्रे हेन्री बोन या प्रकाशकानं मिळवले आणि शतकाच्या मध्यावर त्यांवरून पुन्हा चित्रं छापली. पत्रे अस्सल, तारखा जुन्या, फक्त छपाई नवी. ओळखायची सोपी खूण म्हणजे बोननं कागदाच्या दोन्ही बाजूंना चित्रं छापली होती. तेव्हा तुमचं चित्र उलटून पाहा. मागे दुसरं चित्र निघालं तर ती बोनची आवृत्ती समजा.

कागद उजेडासमोर धरा. व्हॉटमन या इंग्रजी कारखान्याच्या कागदात पुष्कळदा साल पाणखुणेत (उजेडात दिसणाऱ्या वॉटरमार्कमध्ये) असतं. चित्राखाली १८१० आणि कागदात १८१६ असेल, तर छपाई उघडच नंतरची आहे.

एक मजेशीर कसोटी शिपायाच्या कमरेला सापडते. उजव्या हातानं तलवार उपसणारा माणूस ती डाव्या कमरेला लावतो. छापताना चित्र आरशासारखं उलटं होतं आणि मूळ चित्रकार ते धरूनच कोरतो. चोरून नक्कल करणारा घाईत समोरचं चित्र जसंच्या तसं पत्र्यावर उतरवतो, मग छापून निघालेल्या प्रतीत सगळ्यांच्या तलवारी उजवीकडे जातात. तस्करीवरच्या चित्राचीच चोरटी नक्कल!

या चित्रांतली पिंपं मला नेहमी लहान आणि एका बाजूनं चपटी दिसतात. चित्रकाराचा हात चुकतो की त्याला काही कारण आहे? बाकीच्या वस्तू कशा ओळखायच्या तेही सांगा. (सिन्नर, चित्रकला शिक्षक)

हात अजिबात चुकलेला नाही. ही चपटी बाजू जो नीट काढतो, त्यानं खरी पिंपं पाहिलेली असतात.

फ्रान्स आणि हॉलंडच्या बंदरांत ब्रँडी आणि जिन खास तस्करांसाठी छोट्या पिंपांत भरून मिळे. त्याला हाफ-अँकर म्हणत. त्यात सुमारे चार गॅलन माल मावे, म्हणजे साधारण आपल्या तेलाच्या पंधरा लिटरच्या डब्याएवढा. दोन पिंपं दोरीनं जोडून एक छातीवर आणि एक पाठीवर घेत आणि मऊ वाळूतून, रात्री, कधी कडा चढून पळत. गोल पिंप छातीवर घसरतं आणि बरगड्यांना रुततं, म्हणून अंगाकडची बाजू चपटी. खांद्यावरची दोरी तयारच यायची. आतली दारू कडक आणि पाण्यासारखी पांढरी असे, कारण जास्त जोराची दारू आणली की तेवढ्याच वजनात जास्त माल येतो. किनाऱ्यावर पोचल्यावर तिच्यात पाणी घालत आणि जळक्या साखरेनं तिला रंग चढवत. एखाद्या चित्रात कढई आणि पळी घेऊन बसलेली म्हातारी दिसली, तर ती स्वयंपाक करत असेलच असं नाही.

पिंपांच्या माळेत मध्येमध्ये दगड दिसतात का पाहा. गस्तीची नाव जवळ आली की पिंपं एका लांब दोरीला बांधून, मध्ये दगड लावून, समुद्रात बुडवत. चार दिवसांनी आकड्यांचा गळ तळाशी ओढून दोरी पकडायची आणि माळ वर खेचायची. जकातवाल्यांकडेही तेच गळ असत. त्यामुळे चित्रात होडीतून गळ टाकणारा माणूस चोर की शिपाई, हे त्याच्या टोपीवरून ठरवा, गळावरून नाही. या युक्तीत एक धोका होता. वादळ आलं आणि माळ आठवडेच्या आठवडे खाली राहिली की खारं पाणी आत शिरे आणि दारू घाण वास मारू लागे. अशा मालाला तिथल्या बोलीत ‘स्टिंकिबस’ हे नाव होतं.

बाकी वस्तू थोडक्यात. लांब नळीचा कंदील म्हणजे इशाऱ्याचा दिवा. त्याचा उजेड फक्त समुद्राकडे जातो, बाजूला उभ्या शिपायाला दिसत नाही. किनाऱ्यावरचा बसका गोल बुरूज म्हणजे मार्टेलो टॉवर. १८०५ पासून नेपोलियनच्या भीतीनं केंट आणि ससेक्समध्ये असे ७४ बुरूज बांधले. नेपोलियन आला नाही, पुढे त्यांतल्या काहींत तस्करांवर नजर ठेवणारे खलाशी राहू लागले. एकच डोलकाठी आणि पुढे भाल्यासारखी लांब आडवी काठी असलेलं गलबत बहुधा सरकारी कटर, म्हणजे गस्तीचं वेगवान गलबत असतं. लांब काठीला जास्त शीड लागतं, त्यानं वेग वाढतो, म्हणून खाजगी गलबतांच्या काठीच्या लांबीवर कायद्यानं मर्यादा घातली होती. बाणाच्या टोकासारखी तीन रेषांची खूण म्हणजे सरकारी मालमत्ता. आणि होडी मधोमध करवतीनं कापलेली दिसली तर तो चित्रकाराचा विनोद नव्हे. पकडलेल्या होड्यांचे खरोखरच आडवे कापून तीन तुकडे करत, म्हणजे लिलावात विकत घेऊन कोणी त्या पुन्हा समुद्रात घालू नयेत.

शिपाई नेहमी मूर्ख, ढेरपोट्या किंवा लाचखाऊ आणि तस्कर मात्र चलाख, असं का? कायदा मोडणाऱ्याची बाजू चित्रकार का घेतात? (कॉलेज रोड, पदवीचा विद्यार्थी)

आधी गिऱ्हाईक कोण होतं ते पाहा. लंडनमध्ये व्यंगचित्रं विकणाऱ्या हॅना हम्फ्रीच्या दुकानात एक साधं चित्र साधारण एका शिलिंगाला आणि हातानं रंगवलेलं दोन शिलिंगांना मिळे. दुसरा विक्रेता टॉमस टेग यानं लंडनच्याच चीपसाइडमध्ये रंगीत चित्रंही एका शिलिंगावर आणली. हा पैसा मजुराच्या खिशातला नव्हता. चित्र घेणारा दुकानदार, वकील, जमीनदार होता आणि बिनजकातीची ब्रँडी, तंबाखू, लेस त्याच्याच घरात येत होती. ज्याच्या घरात चोरीचा माल आहे त्याला चोर वाईट आहे असं दाखवणारं चित्र कोण विकणार?

दुसरी गोष्ट, जकातीच्या माणसाची कमाई. जप्त मालाच्या किमतीत त्याचा वाटा असे. लोकांच्या नजरेला हा कायद्याचा रखवालदार नव्हता, दलाली खाणारा होता. आपल्याकडे जकात नाक्यावरच्या माणसाबद्दल ट्रकवाले ज्या सुरात बोलत, तोच सूर समजा. तेव्हाच्या व्यवस्थेतही भोकं होती. किनाऱ्यावर घोड्यावरून फिरणाऱ्या अधिकाऱ्याच्या वाट्याला मैलोन् मैल येत आणि समोर शंभर-दोनशे माणसांची टोळी असे. तो पळाला नाही तरच नवल. चित्रात मात्र त्याचं पळणं तेवढं दिसतं.

यात चित्रकारांचा एक लबाडपणा आहे आणि तो तुम्ही निबंधात जरूर नोंदवा. ते रक्त दाखवत नाहीत. १८१७ च्या सुमारास नौदलाचा कॅप्टन विल्यम मॅक्कुलोक यानं केंटच्या किनाऱ्यावर खलाशी उतरवून ‘कोस्ट ब्लॉकेड’ हे किनाऱ्यावरच्या पहाऱ्याचं दल उभं केलं. शिस्त इतकी कडक की त्याला ‘फटकेवाला जोई’ म्हणत. त्यानंतर चकमकी वाढल्या. १८२१ मध्ये ब्रुकलंड इथे उघड लढाई झाली. १८२६ साली डोव्हरच्या किनाऱ्यावर ब्लॉकेडचा क्वार्टरमास्टर रिचर्ड मॉर्गन गोळी लागून मेला आणि त्या तपासात ऑल्डिंग्टन टोळीचा म्होरक्या जॉर्ज रॅन्स्ली सापडला. त्याची फाशी टळली, पण टास्मानियाला काळ्या पाण्यावर जावं लागलं. हे सगळं ‘चलाख तस्कर’ या साच्यात बसत नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा, म्हणजे कराचा दर. १७८४ पर्यंत इंग्लंडात चहावर ११९ टक्के जकात होती. पंतप्रधान पिटनं ती साडेबारा टक्क्यांवर आणली आणि चहाच्या तस्करीचा कणा मोडला. दर चढे राहिले ते दारू आणि तंबाखूचे, म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांत चहाची पेटी क्वचित आणि पिंप जागोजागी. १८२२ मध्ये गस्तीच्या तुकड्या एकत्र करून कोस्टगार्ड बनवलं. शिपायांना मुद्दाम त्यांच्या गावापासून लांब नेमत, म्हणजे ओळखीपाळखीतून डोळेझाक होऊ नये. त्याचा परिणाम झाला. पण पुढे अर्थमंत्री ग्लॅडस्टननं १८६० च्या अर्थसंकल्पात जकातीच्या यादीतल्या ४१९ जिनसांपैकी ४८ च ठेवल्या, फ्रेंच दारूवरचा करही उतरवला. त्यानंतरच्या ‘पंच’ या लंडनच्या विनोदी साप्ताहिकात जुन्या पद्धतीचा किनाऱ्यावरचा तस्कर शोधत बसावं लागतं. शिपायांनी त्याला जेवढा संपवला, त्याहून जास्त स्वस्ताईनं.

एका अमेरिकन चित्रात एक कासव माणसाला चावतंय आणि वर ‘ओग्राबमी’ असं काहीतरी लिहिलंय. हा कोणता प्राणी? (इंदिरानगर)

प्राणी काल्पनिक आहे, शब्द कोड्याचा. डिसेंबर १८०७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेफरसन यांनी एम्बार्गो कायदा आणला, म्हणजे अमेरिकी जहाजांनी परदेशी बंदरांत माल न्यायचाच नाही. ‘एम्बार्गो’ हा शब्द रोमन लिपीत उलटा वाचला की ‘ओग्राबमी’ होतो आणि तो तोडून वाचला की ‘अरे, पकड मला’ असा अर्थ निघतो. देवनागरीत ही गंमत साधत नाही, कारण आपली अक्षरं उलटली की जोडाक्षरं अडतात. चित्र अलेक्झांडर अँडरसनचं. ब्रिटिश जहाजाकडे पिंप घेऊन निघालेल्या व्यापाऱ्याच्या विजारीला कासवानं मागून पकडलंय. इथे पाहण्यासारखं हे की कायद्याची अंमलबजावणी करणारा शिपाई नाही, खुद्द कायदाच जनावर झालाय. १८०९ च्या मार्चमध्ये तो कायदा गुंडाळला. तोवर कॅनडाच्या हद्दीवर पिठाच्या पिंपांची रीघ लागली होती.

या सगळ्यात हिंदुस्थान कुठे आहे? आपल्या बाजूच्या तस्करीवर चित्रं निघाली का? (पंचवटी)

निघाली, पण बहुधा चीनच्या किनाऱ्याच्या नावानं. १८३९ मध्ये लिन झेशू या चिनी अधिकाऱ्यानं ब्रिटिश व्यापाऱ्यांकडून अफूच्या २०,२८३ पेट्या ताब्यात घेतल्या. ती अफू जाळली असं सर्रास लिहिलं जातं, ते चूक आहे. चीनच्या किनाऱ्यावर हूमेनला खंदक खणून, मिठाच्या पाण्यात अफू भिजवून, वर चुना टाकून ती विरघळवली आणि भरती-ओहोटीबरोबर समुद्रात सोडली. लढाई पेटल्यावर फ्रेंच चित्रकारांना आयतीच संधी मिळाली. बंदुकीच्या धाकानं चिनी माणसाला अफू घ्यायला लावणारा इंग्रज अधिकारी त्यांनी काढला. म्हणजे इथे सरकारी गणवेश तस्कराच्या अंगावर चढला.

त्या अफूचा मोठा भाग माळव्याचा होता, आणि माळव्याहून मुंबईकडे येणारा आग्रा रस्ता नाशिकवरून, थळ घाट उतरून जातो. तस्करीचं गणित या मालात फार स्वच्छ दिसतं. कंपनीनं मुंबईमार्गे जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर परवान्याचा कर लावला. तो चुकवायला माल कराची आणि पोर्तुगीजांच्या दमणमार्गे निघे, म्हणून कंपनीला कर चढवता येत नव्हता. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या हाती आलं आणि कराचीची वाट बंद झाली. लगेच पेटीमागे १२५ रुपयांचा कर २०० झाला, १८४५ ला ३०० आणि १८४७ ला ४००. चोरवाट किती महाग पडते, तेवढाच सरकारी दर!

चित्रांच्या बाबतीत आणखी एक धागा. १८६१ मध्ये अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेनं दक्षिणेची बंदरं रोखली. सिनसिनाटीच्या जे. बी. इलियटनं ती नाकेबंदी नकाशावर किनाऱ्याभोवती वेटोळं घातलेला साप म्हणून काढली. त्याच वर्षी लंडनच्या ‘पंच’नं कापूस-राजा, म्हणजे दक्षिणेच्या कापसाचं प्रतीक, साखळदंडांनी खडकाला बांधलेला दाखवला. तिकडे कापूस अडला म्हणून इकडे मुंबईत कापसाचे भाव कडाडले. थळ घाटातून आगगाडी १८६५ च्या जानेवारीत सुरू झाली, आणि त्याच वर्षी युद्ध संपून मुंबईतली सट्टेबाजी कोसळली. मुंबईचं स्वतःचं व्यंगपत्र ‘पारसी पंच’ १८५४ पासून निघत होतं, पुढे तेच ‘हिंदी पंच’ झालं. त्या काळच्या मुंबईवर काम करायचं तर तिथून सुरुवात करा.

इंग्रज व्यंगचित्रकार रोलंडसनच्या ‘स्मगलिंग इन’ या चित्रात समुद्रच नाही. नाव चुकलंय का? (सातपूर)

नाही. १८१० च्या त्या चित्रात विद्यार्थी एका बाईला चोरून कॉलेजात घेताहेत. जोडचित्र ‘स्मगलिंग आउट’ हे पळून जाऊन लग्न करणाऱ्यांचं. त्याच वर्षीचं ‘रिगिंग आउट अ स्मगलर’ मात्र खऱ्या तस्करीचं आहे. त्यात एका बाईच्या झग्याखाली माल बांधणं चाललंय. ‘रिगिंग’ म्हणजे गलबताला दोर-शिडं चढवणं, तेव्हा बाई इथे गलबत आहे.

पावसाळ्यात अशा चित्रांवर तपकिरी ठिपके येतात. काय करावं? (गंगापूर रोड)

ठिपके पुसायला जाऊ नका. हातानं रंगवलेलं चित्र पाण्याला लागलं की रंग फुटतो, तो परत बसत नाही. ब्लीच, खोडरबर, पावाचा गर, सगळं टाळा. लॅमिनेशन आणि सेलोटेप तर नकोच नको. टेपचा डिंक काही वर्षांत कागदात उतरून पिवळा पट्टा सोडतो.

नाशिकचा उन्हाळा कोरडा आणि जुलै-ऑगस्ट दमट, त्यामुळे कागद दरवर्षी आक्रसतो आणि फुगतो. चारही बाजूंनी चिकटवलेला कागद मध्ये सुरकुततो किंवा फाटतो. म्हणून फक्त वरच्या कडेला, गव्हाच्या खळीनं आणि जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी लटकवा, बाकी मोकळा ठेवा. काच आणि चित्र यांच्यामध्ये आम्लरहित पुठ्ठ्याची खिडकी हवी. कागद काचेला टेकला की बुरशी तिथूनच सुरू होते. मागे साधा हार्डबोर्ड किंवा प्लायवुड लावू नका, त्यातलं आम्ल कागद तपकिरी करतं. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नका. आतली भिंतही असेल तर चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते. उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास, म्हणजे मंदच पुरे. गुलाबी आणि पिवळा हे रंग आधी उडतात. तुमच्या चित्रातल्या शिपायाचे गाल पांढरे दिसत असतील, तर बहुधा त्याला भीती वाटत नसून तो बरीच वर्षं खिडकीसमोर टांगलेला असावा.

कसर खळ खायला येते, वाळवी लाकडी चौकटीतून. दिवाळीच्या साफसफाईत चौकट मागून उघडून एकदा पाहत जा, आणि आत डांबरगोळ्या ठेवू नका.